पहिल्या गल्लीचं पाणी

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत परवा लिफ्टशेजारी कागद लागला. मंगळवारपासून पाणीकपात, पाणी सकाळी एकच तास. संध्याकाळपर्यंत त्या कागदाच्या समासात लोकांनी पेनने आपापली मतं नोंदवली होती. त्यातली निम्मी वॉचमनविरुद्ध होती, ज्या बिचाऱ्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही. मी घरी आले आणि माळ्यावरची दोन पिंपं खाली काढली. मुलगी हसायला लागली. "मम्मी, टेन्शन कशाला घेतेस? टँकर येईल ना." तिचं बरोबर आहे. टँकर येईल. पण एप्रिल उजाडला, खाडीवरून खारं वारं सुटलं आणि कुणी पाणीकपातीचं नाव काढलं, की माझं निम्मं लक्ष जुईनगरला जातं, नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आणि बराच वेळ परत येत नाही.

त्या उन्हाळ्यातला सगळ्यात आधी आठवतो तो आवाज. नळाला पाणी यायच्या आधी हवा यायची. आधी एक लांब सुस्कारा, मग दोन-तीन ढासा, मग लालसर पाण्याची एक चूळ आणि मग धार. तो सुस्कारा ऐकला की अख्खी गल्ली उठायची. हंडे, कळश्या, पातेली, अगदी दुधाचं भांडंसुद्धा रांगेला लागायचं. पहिल्या पाण्याला लोखंडाचा वास असायचा, नंतरच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा. जुईनगर तेव्हा अर्धंमुर्धं बांधलेलं होतं. स्टेशन नवंकोरं, रस्ते रुंद, झाडं कमरेएवढी आणि मध्येच आमच्या बैठ्या घरांच्या गल्ल्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे खाऱ्या वाऱ्याने ताठ व्हायचे. दहाच्या सुमाराला दिवाळे गावच्या कोळणी टोपल्या घेऊन यायच्या आणि मासळीचा भाव सांगायच्या आधी दारात टेकून म्हणायच्या, "बाय, वाईच पानी दे गो." आई त्यांना तांब्याभर द्यायची. त्या दिवसांत तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, ते आज लिफ्टमध्ये भांडणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

हे पाणी सोडायचे माझे पप्पा. नाव शमुवेल, पण गल्लीत सगळे त्यांना चावीवाले म्हणत. मूळचे नगरकडचे, शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी पाणीखात्यात रोजंदारीवर. रस्त्याकडेला सिमेंटची झाकणं होती, त्यांच्याखाली खड्डे आणि खड्ड्यांत वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. पप्पांकडे कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी असायची. झाकण सरकवायचं, चावी खाली सोडून वॉलच्या चौकोनी खुंटीवर बसवायची आणि अंग घालून फिरवायची. त्यांच्याकडे चार गल्ल्या होत्या. कपातीच्या दिवसांत पाणी दिवसातून एकदाच, प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं. पहिलीला पहाटे पाचला, दुसरीला पाच चाळीसला, तिसरीला सहा वीसला आणि चौथीला सातला. चौथी गल्ली आमची. तिची पाळी येईपर्यंत पाण्यातला जोर गेलेला असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज सकाळी सातला बघत होतो.

आई कधी कधी टोमणा मारायची. "गावाला पाणी पाजणारे आणि घरी लेक बादलीत वाटी बुडवून अंघोळ करते." पप्पा चहात पाव बुडवता बुडवता म्हणायचे, "चावी खात्याची आहे गं. माझा नुसता हात." मग घड्याळ कानाला लावून बघायचे. रोज रात्री आठच्या बातम्यांना रेडिओवर ते घड्याळ मिळवायचे. मिनिटभर पुढे-मागे असलं तर चेहरा पडायचा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि बापाचा असा काटेकोरपणा त्या वयात जितका छळतो तितका छळायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या पप्पांना सांगून आमच्या गल्लीला दहा मिनिटं वाढव ना. मी म्हणायचे, आमच्याच घराला वाढवत नाहीत, तुम्ही कोण लागून गेलात?

आता थोडं आमच्या घराबद्दल. आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे आम्ही साठ-सत्तर लोक, रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची, कारण चर्चची इमारत अजून स्वप्नातच होती. बाकांवर मुलांनी करकटकाने कोरलेली नावं आणि समोर फळ्यावर शनिवारचं गणित तसंच. एकमेकांना सलाम करायचा, पेटीवर गाणी म्हणायची, पाद्रीसाहेबांचा उपदेश ऐकायचा. मंडळीत लांबलचक प्रार्थना करणारे वीर होते. एकदा डोळे मिटले की पृथ्वीवरच्या सगळ्या राष्ट्रांची खुशाली विचारून झाल्याशिवाय उघडायचे नाहीत. पप्पांची प्रार्थना मात्र तीन वाक्यांची. आजच्या भाकरीबद्दल आभार, झालेल्या चुकीची माफी, उद्या सांगशील ते करू. मी लहानपणी मोजायचे, चौथं वाक्य कधी आलं नाही. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे काय, यावर त्यांनी मला कधी दोन शब्द ऐकवले नाहीत. ऐकवले असते तर बहुतेक मी विसरले असते.

आणि आईची मूठ. आमच्याकडे बायका भात टाकायच्या आधी धुवायला घेतलेल्या तांदळातली एक मूठ वेगळ्या डब्यात काढतात, देवाची म्हणून. दर महिन्याला ते डबे चर्चमध्ये जातात आणि तिथून ज्याच्या चुलीला गरज असेल तिकडे. पाहुणे आले आणि तांदूळ कमी पडले तरी आई आधी मूठ काढायची आणि मग उरलेल्यात पाणी वाढवून पेज करायची. मी एकदा म्हटलं, आज राहू दे की. ती म्हणाली, "पोट भरल्यावर उरलेलं द्यायचं तर त्याला मूठ कशाला म्हणायचं?" हे बोलताना ती काही गंभीर वगैरे नव्हती. तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. पप्पांना रोजंदारीवर अकरा वर्षं झाली होती आणि खात्यात काही माणसांना कायम करणार होते. यादी साहेबांच्या टेबलावर होती, मे महिन्यात लागणार होती, आणि पप्पांचं नाव तिच्यात आहे असं स्वतः साहेबांनी सांगितलं होतं. कायम होणं म्हणजे काय ते रोजंदारीच्या घरातल्या माणसालाच कळतं. पप्पा तापाने फणफणले तरी चावी घेऊन जायचे, कारण घरी बसलेला दिवस खात्याच्या लेखी उगवलेलाच नसायचा. आईला दम्याचा त्रास होता. यादीत नाव लागलं की दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. रात्रीच्या प्रार्थनेत यादीचं नाव कुणी काढायचं नाही, पण डोळे मिटले की तिघांच्याही डोळ्यांपुढे तीच असायची, हे मी पैजेवर सांगते.

मग पुनरुत्थानाचा सण आला, म्हणजे ईस्टर. आमची मंडळी त्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच खाडीकडच्या मोकळ्या मैदानात मेणबत्त्या घेऊन जमायची. वाऱ्याने मेणबत्त्या विझायच्या, पुन्हा लावायच्या, मेणाचा चटका बसायचा, पायाखाली खारट चिखलाच्या वाळलेल्या खपल्या मोडायच्या. पाचच्या ठोक्याला पहिलं गीत उचलायचं आणि ते उचलायचे पप्पा. त्यांचा आवाज गोड नव्हता, पण खणखणीत होता, आणि त्या अंधारात तो पहिला सूर लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. दर वर्षी त्या पहाटे त्यांची चावी शंकरकाका सांभाळायचे. शंकरकाका सातारकडचे, शेजारच्या सेक्टरचे चावीवाले, तिथे पाणी संध्याकाळी यायचं. त्यांच्या दिवाळीला पप्पा दोन्ही सेक्टर बघायचे, पप्पांच्या ईस्टरला ते. त्या वर्षी शनिवारी दुपारी निरोप आला की शंकरकाकांची आई आजारी आहे आणि ते गावाला गेले.

पप्पांनी आम्हाला काही सांगितलं नाही. खात्याचा नियम होता की उघडा वॉल सोडून जायचं नाही. नाहीतर पाचला वॉल उघडून ते मैदानात आले असते आणि वेळेत परतले असते. पण नियम मोडायचा नाही, आणि देवाची पहाटही चुकवायची नाही. म्हणून त्यांनी मनाशी हिशोब मांडला. पहिली गल्ली सव्वाचारला उघडली, चाळीस मिनिटं वॉलपाशी उभे राहिले, पाचला पाच कमी असताना बंद केली, चावी सायकलला बांधून मैदान गाठलं, पहिलं गीत उचललं, साडेपाचला परत जाऊन दुसरी गल्ली वेळेवर सोडली. चाळीस मिनिटं पूर्ण दिली. वॉल एक क्षणही सोडला नाही. नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. एवढंच झालं, की पहिली गल्ली तेव्हा झोपलेली होती.

आता विचार करते तेव्हा वाटतं, ही चूक त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. बेफिकीर माणसाने सरळ उपासनेला दांडी मारली असती, किंवा वॉल उघडा टाकून गेला असता, आणि गंमत म्हणजे पहिल्या गल्लीला पाणी मिळालं असतं.

एक-दोन घरांत नळाखाली पिंप लावून नळ उघडाच ठेवलेला होता, त्यांना पाणी मिळालं. पण त्या दिवसांत ज्याला पाणी मिळायचं तो ते बोलून दाखवायचा नाही. बाकीच्या बायका पाचला उठल्या आणि कोरड्या नळाशी बसून राहिल्या. सात चाळीसला आमची गल्ली बंद करून पप्पा पहिल्या गल्लीवरून घरी यायला निघाले. तेव्हा त्यांना दिसलं, की बायका रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या आहेत आणि सरकारला शिव्या देताहेत. त्यांनी विचारलं तेव्हा कळलं की कमलताईंच्या घरी आज बारसं आहे.

कमलताई सातारच्या, त्यांचा नवरा मार्केटात ओझी उचलायचा. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बारावा दिवस. गावाकडची माणसं रात्रीच येऊन उतरली होती. घुगऱ्यांचे हरभरे रात्रीपासून भिजत घातलेले, पंचवीस माणसांचं जेवण, बाळंतीण आणि तिचं लेकरू, आणि घरात पाणी म्हणाल तर पिण्याची एक कळशी.

पप्पा घरी आले. आईने शेवयांची खीर केली होती, मटणाला फोडणी घातली होती, मी नवा फ्रॉक घालून आरशासमोर होते. ते दारातच बसले आणि काय झालं ते सांगितलं. आईने झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. तिला सगळं एका क्षणात कळलं, यादीसकट. "पाणी द्या," ती म्हणाली. "आपलं सगळं पिंप नेऊन द्या. मी काही बोलणार नाही. पण तोंड उघडू नका. कुणाला माहीत नाहीये. पाणी आलं नाही असंच समजतात सगळे. सणाच्या दिवशी हात जोडते तुमच्यापुढे." पप्पा हंडा भरायला बसले. मी फ्रॉक बदलला आणि कळशी घेतली. मला आईचं पटलं होतं. आजही, खरं सांगायचं तर, निम्मं पटतं.

आम्ही कमलताईंच्या दारात पोचलो. मांडव नव्हता, दोन साड्या बांधून सावली केली होती. दोरीच्या पाळण्याला झेंडूची माळ. कमलताई धावत बाहेर आल्या, आमच्या हातातलं पाणी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. "आवं भावजी, आज तुमचा सन न्हवं? आन् सनाचं सोडून आमच्या दारात पानी आनलंसा? देवमानूस हाय तुमी."

माझी खात्री आहे, की त्यांनी हे म्हटलं नसतं तर पप्पा गप्प राहिले असते. आईला त्यांनी शब्द दिला नव्हता, पण तिचं ऐकणारच होते. देवमाणूस हा शब्द ऐकला आणि त्यांनी डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. उंबऱ्याच्या आत नाही, बाहेर.

"वहिनी, पाणी आलं होतं," ते म्हणाले. "मी सव्वाचारला सोडलं. मला उपासनेला जायचं होतं. तुमची पाळी पाचची. माझ्यामुळे तुमची घागर कोरडी राहिली."

आतून बाळाचा बारीक आवाज येत होता. मग कमलताईंचे धाकटे दीर पुढे आले. "म्हंजे तुमच्या द्येवाचं भजन झालं आन् आमच्या लेकराचं बारसं कोरडं. चांगली भक्ती हाय तुमची." मी खाली बघत होते. पायाच्या अंगठ्याजवळ मेणाचा एक ठिपका चिकटलेला होता. पप्पा म्हणाले, "बरोबर बोललात." एवढंच. सफाई नाही, शंकरकाकांचं नाव नाही, नियमाचं नाव नाही.

कमलताईंनी दिराला हाताने मागे सारलं. त्या रागावल्या होत्या, पण विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "मला यकटीला सांगून काय हुनार? गल्लीत सतरा घरं हायती. समद्यास्नी सांगा जावा. त्या बाया सकाळधरनं सरकारच्या नावानं बोटं मोडत्यात." आणि हंडा स्वतः उचलून आत घेतला.

पप्पा सतरा घरी गेले. मी मागे. मला वाटतं मी आयुष्यात तितकी लाज कधी अनुभवली नाही, आणि त्यातली बरीचशी माझ्या मैत्रिणींनी बघू नये याची होती. प्रत्येक दारात तेच पाच शब्द कमी-जास्त. मी लवकर सोडलं. माझी चूक. कुणी "असूंदे" म्हटलं, कुणी दार आपटलं, एका म्हाताऱ्या आजींना ऐकूच येईना, तिथे पप्पांना मोठ्याने ओरडून आपली चूक सांगावी लागली आणि पलीकडच्या दोन दारांतले लोक हसले. नवव्या की दहाव्या घरापाशी मागे वळून पाहिलं तर आई येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, छातीतून शीळ वाजतेय. पप्पांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पाणी ओतलं आणि परत फिरली. आमचं पिंप दुपारपर्यंत तळाला गेलं. मटण शिजलं, पण खरकटी भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती.

संध्याकाळी मंडळीतल्या त्या लांब प्रार्थनेच्या वीरांपैकी एक, साळवेसर, घरी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. चांगला माणूस, पप्पांवर जीव होता. म्हणाले, "बंधू, तुम्ही काही सिनेमाला नव्हता गेलात. प्रभूच्या कामाला गेलात. देव मन पाहतो. इतकं लावून घेऊ नका." आई भात टाकायला उठली तिकडे बघत पप्पा म्हणाले, "सर, ही रोज मूठ काढते. आपल्या पातेल्यातून काढते. मी आज देवाला शेजारच्या पातेल्यातली मूठ काढून दिली. आणि वर गाणं म्हटलं." जाताना साळवेसरांनी केलेली प्रार्थना त्यांच्या मानाने फारच छोटी होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी पप्पांना माफ केलं असतं. पण सोमवारी त्यांनी मला वही-पेन घेऊन समोर बसवलं. साहेबांना अर्ज लिहायचा होता आणि त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. निबंधात मी वर्गात पहिली. मी लिहिलं, "रविवारी अपरिहार्य कारणास्तव पहिल्या गल्लीस पाणीपुरवठा नियोजित वेळेपूर्वी करण्यात आला." वाचून दाखवलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पप्पा म्हणाले, "अपरिहार्य म्हणजे?"

"टाळता न येण्यासारखं."

"टाळता आलं असतं. दुसरा कागद घे. आणि करण्यात आला म्हणजे कोणी केला?"

मी दुसरा कागद घेतला. रडत होते, त्यामुळे शाई दोन ठिकाणी फुटली. पप्पा सांगत गेले तसं लिहिलं. मी, शमुवेल, रोजंदारी कामगार. स्वतःच्या उपासनेसाठी. पाऊण तास आधी. लोकांना पाणी मिळालं नाही. दोष माझा. सगळ्यात वाईट म्हणजे खाली सही करताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही हुतात्म्याचा भाव नव्हता. दळण टाकून आलेल्या माणसासारखा चेहरा होता.

साहेबांनी काय म्हटलं ते पप्पांनी घरी येऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "शमुवेल, कुणाचीही तक्रार नाही. हा कागद मी घेतला तर मला फाइलला लावावा लागेल. घेऊन जा." पप्पा म्हणाले, "लावा साहेब." आईने त्या दिवशी चहा गाळताना गाळणी दोनदा आपटली. त्यानंतर चार दिवस ती पप्पांशी आवश्यक तेवढंच बोलली. मूठ मात्र काढत होती.

मी आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासून सही करते. दिवसाला दीडदोनशे. संध्याकाळी डोळे ताणलेले असतात. नमुन्याच्या नळीवरचं लेबल पुसट असतं, पुन्हा रक्त मागवायचं म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांची कटकट, डॉक्टरांचा फोन. अशा वेळी अपरिहार्य कारण अगदी हाताशी असतं. मी फार भक्तिमान बाई नाही. रविवारी कधी जाते, कधी झोपते. पण चुकीच्या रिपोर्टखाली 'माझी चूक' असं मी तीनदा लिहून दिलंय. देवाची आज्ञा पाळणारे लोक मी पुष्कळ पाहिले. काही उपास करतात, काही डोळे मिटून आकाशपाताळ एक करतात, आणि मी कुणाला हसत नाही. पण आज्ञा पाळायची जागा नळाखालच्या हंड्यात असते, कुणाच्या तरी पाच वाजण्यात असते, हे मी एकाच माणसाकडे पाहिलं. तो माणूस माझा बाप होता याचा मला आज गर्व आहे. तेव्हा नव्हता. तेव्हा मला तो मूर्ख वाटत होता.

मेमध्ये यादी लागली. आंब्याच्या पेट्यांचा वास सगळ्या तुर्भे-वाशीवर पसरलेला, गरम रस्ते, कचेरीच्या भिंतीला डकवलेला टाइप केलेला कागद. शंकरकाकांचं नाव होतं. पप्पांचं नव्हतं. शंकरकाका स्वतः सांगायला आले आणि आमच्या ओट्यावर बसून रडले. "शमू, म्या त्या दिशी गावाला गेलो नसतो तर." पप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आईला पेढे आणायला पैसे दिले, त्यांच्यासाठी. पप्पा पुढे पाच वर्षांनी कायम झाले, वेगळ्या साहेबांच्या हाताखाली. पण त्या संध्याकाळी पाच वर्षांनंतरचं कुणाला ठाऊक होतं? त्या संध्याकाळी एवढंच ठाऊक होतं, की अकरा वर्षं गेली आणि ती घालवणारा कागद माझ्या अक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे वॉलवर गेले. का गेले ते त्यांनी विचारलं नाही. उन्हं आली होती. तिसऱ्या गल्लीचं पाणी सुरू होतं, सात वाजायला काही मिनिटं कमी. पप्पा खड्ड्याशी उभे, चावी हातात, नेहमीसारखे. त्यांनी आदल्या दिवशीचाच शर्ट घातला होता. ते बघून माझा बांध फुटला.

"पप्पा," मी म्हटलं, "आज तरी आपल्या गल्लीला पाच मिनिटं आधी सोडा. आईला नीट अंघोळ करू दे. खात्याने तुम्हाला काय दिलं? देवाने तरी काय दिलं? पाच मिनिटं. एवढा हक्क आहे तुमचा."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चावी माझ्या हातात दिली. "घे. सातला पाच कमी आहेत. तिसरी बंद कर, चौथी उघड. कुणी विचारणार नाही. मीही नाही."

चावी वाटली होती त्यापेक्षा जड होती. दांड्याचा जिथे त्यांचा हात बसायचा तिथे लोखंड गुळगुळीत झालेलं. मी ती धरली आणि जोर लावायला पाय रोवले. समोरच तिसरी गल्ली होती. पहिल्या घरात एक आजोबा नळाला रबरी नळी लावून पिंप भरत होते, दोन्ही हातांनी नळी धरून, ती निसटू नये म्हणून. शेजारी एक बाई पोराच्या डोक्याला साबण लावत होती, पोर डोळे घट्ट मिटून उभं. तिच्या बादलीत अजून पाणी पडत होतं. मी बघत राहिले. चावी फिरवायला माझ्या अंगात ताकद होती. पोराचं डोकं धुऊन होईल, मग फिरवू, असं मी मनाशी म्हटलं. त्याचं डोकं धुऊन झालं. मग आजोबांनी नळी दुसऱ्या पिंपात घातली. पप्पा दुसरीकडे, खाडीच्या दिशेला बघत उभे होते, मुद्दाम.

माझा राग त्या पाच मिनिटांत गेला, असं मी म्हणणार नाही. तो होता, पुढे बरेच दिवस होता. आईला दम्याची धाप लागायची तेव्हा तो नव्याने यायचा. पण कुणाची पाच मिनिटं काढून घ्यायची हे ठरवायला मी त्या गल्लीतल्या एकेका दाराकडे पाहिलं, आणि एकही दार सापडलं नाही.

लांब कुठल्याशा कारखान्याचा सातचा भोंगा वाजला. पप्पांनी मला वेळ सांगितली नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि तिसरी गल्ली बंद केली.